पत्र्याची खोली

मी लग्नाचा आचारी. दुसऱ्यांच्या लग्नात बुंदी पाडता पाडता मपलं लगीन राहून गेलं. शाळेत मी गेलतो, न्हाई असं न्हाई, पण तिथं खिचडी शिजवायला. म्हणून हे मी सांगून राहिलो अन् आमच्या घरातली एक कॉलेजची पोरगी लिहून घेऊन राहिली. मधीच थांबते अन् हसते. मी म्हणलं, माय, तुझं हसणं लिहू नको, मी बोललो तेवढंच लिही.

आमचं घर म्हणजे मुलींचा आश्रम. देगलूरच्या रस्त्याला नायगाव मागं पडलं की लिंबाची रांग लागते, तिच्या आत. चालवतात सिस्टर लोक. चर्चच्या बाया, लगीन न केलेल्या, पांढऱ्या लुगड्यातल्या. कॅथोलिक न्हाईत, अँग्लिकन. ह्या दोघांत काय फरक हाय ते मोठ्या आक्कांनी मला लई वेळा समजावलं. दर वेळी मी मान हालवली. एकदा त्या म्हणाल्या, "मामा, तुम्हाला कळलं न्हाई ना?" मी म्हणलं, "न्हाई कळलं, पण मान दुखाय लागली."

सिस्टरला पोरी आक्का म्हणतात. आमचा भाग कानडी-तेलुगूच्या काठावरचा, मोठ्या बहिणीला आक्काच म्हणायचं. सगळ्यात वडीलधाऱ्या त्या मोठ्या आक्का. अन् गडीमाणूस कोणी का असंना, दूधवाला, माळी, मी, सगळे मामा. ज्याला बायको न्हाई, बहीण न्हाई, त्याला एकदम घरभर भाच्या. ही लॉटरी मला भूकंपात लागली. असं बोलू नये, पण खरं ते खरं.

भूकंप झाला तवा मी जळकोटकडच्या एका गावात गणपतीच्या भंडाऱ्याला कढया घेऊन गेलतो. खबर आली तसे लोक ट्रकमधी भाकरी भरून निघाले. त्यात मला अन् माझ्या कढयांनाही भरलं. मदतीच्या छावणीत आम्ही लई आचारी होतो. हळूहळू लग्नसराई आली, एकेक जण निघून गेला. मी राहिलो. लोकांना वाटलं ह्याला किती दया. दया-बिया काही न्हाई. माझ्या सगळ्यात मोठ्या कढईत लोकांनी प्यायचं पाणी साठवलं होतं, अन् ते ओता म्हणायला माझी जीभ रेटत नव्हती. मोठ्या आक्का तिथंच जखमा धुवायला आल्त्या. जाताना म्हणाल्या, "आमच्याकडं चला. कढई सुटली की या." त्यांना कढईचं माहीत होतं.

पहिल्या दिवशी मी आमच्या घरात वरण केलं. मला अंदाज एकच माहीत, पंगतीचा. घरात होत्या मूठभर पोरी अन् चार म्हाताऱ्या. ते वरण सरता सरेना. सकाळी वरण, दुपारी वरण, वरणाचीच थालीपीठं. आक्का मुकाट्यानं जेवून राहिल्या. शेवटी मोठ्या आक्का ताटाकडं बघत म्हणाल्या, "मामा, वरात कवा येणार हाय?"

दुपारी तांदूळ निवडायला त्या माझ्यापाशी बसायच्या. खडे काढता काढता जुनं सांगायच्या. निजामाच्या राज्यात दुष्काळ पडला तवा एक गोरी बाई छकड्यात बसून इकडं आली. इंग्लंडची, लगीन न केलेली. गावच्या बायांनी पहिला सवाल केला, "नवरा कुठाय?" तिला मराठी थोडीच येत होती. तिनं वर आभाळाकडं बोट केलं. बायांना वाटलं, बिचारी रांडमुंड हाय, म्हणून तिला ज्वारी दिली, चूल दिली, जवळ बसवलं. ती चुकी कोणी दुरुस्त केली न्हाई, म्हणून हे घर उभं राहिलं, असं मोठ्या आक्का सांगायच्या अन् पदर तोंडाला लावून हसायच्या.

त्या बाईनं रस्त्याच्या कडंची लेकरं उचलली. पोरं लोक घेऊन जायचे, कामाला येतात म्हणून. पोरी राहायच्या. म्हणून घर पोरींचं झालं. मागून तिच्यासारख्या अजून आल्या. शिवण शिकवलं, सुईणीचं काम शिकवलं, वाचायला शिकवलं. कोणी तापानं गेल्या, इथंच मागच्या बाजूला त्यांच्या कबरी हायेत, बोकड चढू नये म्हणून मी काटे लावतो. पुढं गोरे लोक मायदेशी गेले, घर इथल्या बायांच्या हातात आलं. सगळी चर्चं एक झाली तवा दारावरची पाटी बदलली. चूल तीच राहिली. मोठ्या आक्का स्वतः ह्याच घरात वाढल्या. त्यांना कोणी सोडलं, कवा सोडलं, त्या सांगत नव्हत्या, मीबी विचारलं न्हाई. मी एवढा तोंडाळ, पण तेवढं विचारलं न्हाई.

त्यांचा एक रिवाज होता, त्यांच्या देवानं चेल्यांचे पाय धुतले होते म्हणून. गुड फ्रायडेच्या आदल्या गुरुवारी मोठ्या आक्का घरातल्या सगळ्यांचे पाय धुवायच्या. पोरींचे, माळ्याचे, सगळ्यांचे. पहिल्या साली मला हे कळलं तसा मी घाबरलो. माझे पाय म्हणजे चुलीपुढची लाकडं. सकाळपासून विटकरीनं घासले, मग भेगा दिसू नयेत म्हणून खोबरेल चोपडलं. आक्कांनी पाय परातीत धरला तर हातातून सुटून राहिला. पाण्यावर तेलाचा तवंग. माझ्यामागं माळी, तो म्हणतो, "ह्याच्या पाण्यात मी पाय घालणार न्हाई." आक्का म्हणाल्या, "मामा, पाय धुवायचे का तळायचे?" पोरी हसून लोळल्या. पण त्यांनी पाय सोडला न्हाई. टॉवेलनं बोटाबोटातलं पुसलं. माझ्या मायनं लहानपणी पुसले असतील, त्यानंतर माझ्या पायाला हात लावणारे फक्त काटा काढणारे.

आता त्या पोरीचं सांगतो, जिच्यासाठी हे सगळं सांगाय बसलो.

ती भूकंपाच्या पट्ट्यातली. आमच्याकडं आली तवा दुधाचे दात पडून राहिले होते. घरातलं कोणी उरलं न्हाई. बोलायची कमी. पण दगडी भिंतीच्या आत पाऊल टाकायची न्हाई. आमचा जेवायचा हॉल गोऱ्या बायांनी बांधलेला, हातभर रुंदीच्या भिंती. ती दारात उभी राहायची, ताट हातात घेऊन. कोणी ओढलं न्हाई. मोठ्या आक्कांनी दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांची पंगत बाहेर लिंबाखाली घातली. मी कुरकुर केली, "एका लेकरापायी मी कढया कुठवर उचलू?" त्या म्हणाल्या, "तुम्ही लग्नात कुठवर उचलता?" मग त्यांनी स्वयंपाकघराच्या बाजूला पत्र्याचं शेड घातलं. ती पोरगी तिथं झोपाय लागली. तिच्या बाजूला अजून दोघी-तिघी, अन् मोठ्या आक्कांची बाज. शाळा होती तिच्यावरही पत्राच होता. म्हणून तिची भीती गेली असं आम्हाला वाटलं. खरं म्हणजे भीती गेली नव्हती, पत्रा होता एवढंच.

मी तिला हसवायला लई सोंगं केली. चेहऱ्याला पीठ लावलं, झाऱ्याची मिशी केली. लोक बंद पडलेल्या एसटीकडं बघतात तशी ती माझ्याकडं बघायची. पण अभ्यासात अशी की दहावीला आमच्या शाळेत पहिली आली. गणिताच्या गुरुजींनी आक्कांना सांगितलं, हिला लातूरला पाठवा. तवा सगळा मुलूखच लातूरला चालला होता. ज्याचं लेकरू हुशार त्याचंबी, ज्याचं न्हाई त्याचं तर आधी. तिला डॉक्टर व्हायचं होतं. तिनंच सांगितलं, शेंगा फोडता फोडता. तिनं स्वतःहून मागितलेली ती पहिली गोष्ट. त्याच्या आधी तिनं माझ्याकडं कधी मीठबी मागितलं न्हाई.

लातूरच्या क्लासवाल्यांनी तिला घेतलं. आक्कांनी चर्चच्या ओळखीतून होस्टेल बघितलं. नवं कोरं, तिसरा मजला, फरशी अशी की मी चप्पल हातात घेतली. आम्ही तिला सोडून आलो. मी कढीचा डबा बरोबर दिला, तो एसटीत सांडला, ते सोडा.

थोड्या दिवसांनी हापिसात फोन वाजला. मी उचलला. मला वाटतं, जितका लांबचा फोन तितकं ओरडून बोलावं लागतं.

"हॅलो! कोण?"

"ओरडू नका हो. मी लातूरहून होस्टेलची मॅडम बोलतेय. तुमची मुलगी खोलीत झोपतच नाही. जिन्यात बसून असते. तीन मुलींनी तक्रार केली. वर्गात डुलक्या काढते म्हणून सरांचाही निरोप आलाय. घेऊन जा तिला."

मी फोन ठेवला. आक्कांना सांगितलं. त्यांनी लगेच पिशवीत लुगडं टाकलं. गुडघे धरून त्या एसटीत चढल्या, मी मागून ढकललं.

पोरगी होस्टेलच्या दारात सामान बांधूनच बसली होती. डोळे खोल गेलेले. म्हणाली, "आक्का, मला घरी न्या. मला शिकायचं न्हाई."

"शिकायचं न्हाई, का इथं झोपायचं न्हाई?"

ती वर बोट करून म्हणाली, "डोक्यावर स्लॅब हाय. त्याच्यावर अजून एक स्लॅब. पडल्या पडल्या तेवढंच दिसतं."

आक्का म्हणाल्या, "तू आता क्लासला जा. दाराजवळ बस. तोवर आम्ही खोली बघतो, पत्र्याची. न्हाई मिळाली तर संध्याकाळच्या गाडीनं तिघं घरी जाऊ. मिळाली तर राहशील?"

तिनं बांधलेलं सामान सोडलं. पुस्तकं काढून घेतली अन् गेली.

मला वाटलं, पत्र्याची खोली म्हणजे काय मोठं काम. बाकीचे आईबाप चांगली खोली मागतात, आपण वाईट मागून राहिलो. पण लातुरात तवा चांगल्याला तोटा नव्हता, वाईट मिळंना. सगळ्यांनी पत्रे उतरवून स्लॅब टाकले होते, पोरं ठेवायला. पहिल्या घरच्या मालकानं भिंतीवर थाप मारून दाखवली. "भूकंपाला भीत नाही हे बांधकाम. सळई बघा, ही एवढी."

मी म्हणलं, "माल चांगला हाय, पण लई चांगला हाय. पत्रा हाय का?"

"पत्रा?" तो माझ्याकडं खालून वर बघून म्हणाला, "पोरीवर एवढा राग कामून?"

दुसऱ्या घरी एक काकू निघाल्या. त्यांनी गीझर दाखवला. मी म्हणलं, "काकू, गीझर राहू द्या, वर पत्रा असलेली एखादी खोली असंल तर बघा. गोठा असला तरी चालंल."

काकू भडकल्या. "लाज वाटते का? लेक शिकायला आली अन् तिला गोठ्यात ठेवता? असा कंजूष बाप मी पाहिला नाही!"

मला आयुष्यात पहिल्यांदा कोणी बाप म्हणलं होतं. शिवी खाऊनबी मी जरा ताठ उभा राहिलो. पण मोठ्या आक्का खोटं एक घटका टिकू देत नव्हत्या. लगेच म्हणाल्या, "हे बाप न्हाईत, मामा आहेत."

"मामा! तरीच!" म्हणल्या काकू, अन् दार लावलं.

असं दुपारपर्यंत चाललं. आक्का प्रत्येक ओट्यावर टेकायच्या, गुडघा चोळायच्या, उठायच्या. मी म्हणलं, "आक्का, पोरीला घरी नेऊ. शिवण शिकंल." त्या मला म्हणाल्या, "मामा, तुम्हाला कोणी विचारलं होतं का, काय शिकणार?" मग मी गप बसलो. म्हणजे बोलायचं थांबलो, मनातून बडबड चालूच होती.

क्लास सुटल्यावर पोरगी येऊन मिळाली. गंजगोलाईच्या बाजारामागं एका जुन्या गल्लीत रिटायर मास्तरांचं घर होतं. अंगणात एका कडंला पत्र्याची खोली. मला ती लांबून दिसली अन् मी बोटच दाखवलं, जसं काही मोर दिसला.

मास्तरांच्या बाई चांगल्या घरातल्या, बोलणं स्वच्छ. आम्हाला आत बसवलं, पाणी दिलं. पण खोलीचं नाव काढलं तसा चेहरा बदलला.

"ती नाही हो देता येणार. त्यात भंगार आहे, गोवऱ्या आहेत. आतली खोली घ्या ना, माझ्या मुलाची, तो पुण्याला असतो. पंखा आहे. पत्र्यात मुलगी ठेवली तर लोक मला काय म्हणतील?"

आक्का समजावून सांगाय लागल्या. मला वाटलं, आपणबी काही तरी काम करावं. रिकामा पेला ठेवायला उठलो. दारामागं एक स्टूल होतं. त्याच्यावर तांब्या उलटा, तांब्यावर थाळी, थाळीवर अजून एक तांब्या. मला वाटलं, बाईंनी भांडी घासून वाळत घातली. म्हणलं, अशी रचतात का, पडतील की. अन् सरळ करायला हात घातला.

खणखणखण करून सगळी भांडी फरशीवर आली.

आतल्या खोलीतून मास्तर निस्त्या टॉवेलवर पळत निघाले. बाई पळाल्या. शेजारची सून लेकरू काखेत मारून बाहेर. ज्यानं भांडी पाडली त्याला तरी कळायला पाहिजे होतं की न्हाई? मीच सगळ्यांच्या पुढं पळालो. पेला हातातच. अंगणात मधोमध जाऊन थांबलो, तवा कुठं ध्यानात आलं की आक्का आत राहिल्या, गुडघेवाल्या.

मागं वळून बघितलं. पोरगी त्यांना घेऊन येऊन राहिली होती. एका हातानं त्यांची कंबर धरलेली, दुसरा हात त्यांच्या डोक्यावर झाकणासारखा. तोंड पांढरंफटक. पाय लटलट कापून राहिले, पण ती पळाली नव्हती.

मास्तरांनी विचारलं, "भूकंप गेला का?"

ती म्हणाली, "काही न्हाई, आजोबा. मामांनी तांब्या पाडला."

सगळे माझ्याकडं बघाय लागले. मी पेल्याकडं बघाय लागलो. आक्का म्हणाल्या, "मामा, मला सोडून पळालात."

"मी रस्ता मोकळा हाय का ते बघाय पुढं गेलतो," मी म्हणलं. त्यावर ती पोरगी हसली. आधी कापून राहिली होती ते थांबंना, तसंच कापत कापत हसली. पिठाच्या मिशीला जी हसली न्हाई ती माझ्या पळण्याला हसली.

बाई तिच्याजवळ गेल्या. तिचा हात हातात घेतला, तो गार पडला होता. मग आक्कांकडं न बघता, मास्तरांकडं बोट करून म्हणल्या, "हे अजून भांडी रचल्याशिवाय झोपत नाहीत. जमीन हलली की वाजतील, म्हणून. आमच्या घराला तडाही गेला नव्हता. तरी आम्ही सगळे त्या पत्र्यातच झोपायचो, पाऊस संपून उन्हाळा आला तरी." तिचा हात चोळत राहिल्या. "मला वाटलं, आम्हीच दोघं असे आहोत."

मास्तरांनी टॉवेल आवळला अन् म्हणाले, "किल्ली कुठं आहे?"

मग काय, सगळ्यांनी पदर-टॉवेल खोचले. मी गोवऱ्या काढल्या, त्यात विंचू निघाला, त्याला बघून परत मीच पहिला बाहेर. मास्तरांनी जुनं टेबल पुसलं. बाईंनी फरशी धुतली. भिंती निस्त्या कमरेएवढ्या विटांच्या, वर पत्रा, वारं येऊन राहिलेलं. मोठ्या आक्कांनी बाईंना सांगितलं, "पहिले काही दिवस मी तिच्याजवळ राहते. तिला सवय झाली की जाईन."

बाई म्हणल्या, "राहा की. मलाही सोबत."

त्या खोलीत ती दोन्ही वर्षं राहिली. डॉक्टर झाली न्हाई, तेवढे मार्क थोडक्यात चुकले. नर्सिंगला लागली, आता नांदेडला दवाखान्यात हाय, अन् तिच्या वॉर्डात मी भरती झालतो तवा माझ्यावर अशी ओरडली की सगळ्या पेशंटांनी बिनबोभाट गोळ्या खाल्ल्या. तिच्या मागून आमच्या घरच्या अजून पोरी त्या बाईंकडं राहिल्या, ज्यांना कशाचीच भीती नव्हती त्याबी पत्र्यातच, कारण बाई आता दुसरी खोली दाखवतच नव्हत्या. मला कोणी विचारलं की देव बघितला का, तर मी सांगतो, बघितला न्हाई, पण त्याच्याकडं काम करणाऱ्या बायांच्या हाताखाली मी चूल पेटवली हाय, पगारी.

तर त्या दिवशी. फरशी वाळली. पोरीनं पुस्तकं टेबलावर रचली, म्हणाली, "जरा पाठ टेकते." अन् उशी न घेता तशीच फरशीवर झोपली, भर दुपारी, पत्रा तापलेला असताना.

बाई चहा घेऊन आल्या. दारातून बघून म्हणल्या, "अहो, अभ्यासाला आली ना ही? क्लास आहे तिचा पाचला."

मोठ्या आक्कांनी बोट ओठावर ठेवलं. "झोपू द्या तिला."

तेवढ्यात पत्र्यावर कावळे उतरले. टपटपटप चालाय लागले. पोरीनं कूस बदलली. मी अंगणात पळालो. ओरडायची सोय नव्हती, म्हणून शर्ट काढला अन् तो गरागरा फिरवत खोलीभोवती चकरा मारून राहिलो, तोंड घट्ट मिटून. शेजारची सून ओट्यावरून बघून राहिली होती. तिनं बाईंना हळूच विचारलं, "ह्यांना असं कवापासून होतं?"

बाईंनी काय सांगितलं ते मला ऐकू आलं न्हाई. मी खोलीच्या मागच्या बाजूला होतो. तिकडं एक कावळा अजून बसला होता.